स्वतःला घडवायची कोणती पद्धत तुम्हाला मानवली? (सोलापूर, बजेट ५०००)

टॉवेलवाली:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एक्स्पोर्ट युनिटमध्ये अकाउंट्स बघते. वय ३६, बी.कॉम., टॅली आणि जीएसटी हातचा मळ. यंदा आमच्याकडे कमर्शियल मॅनेजरची जागा रिकामी होतेय. मालक म्हणाले, "मॅडम, कामात तुम्ही पक्क्या, पण अजून जरा डेव्हलप व्हा." म्हणजे नक्की काय, देव जाणे.
तेव्हापासून शोधतेय. ऑनलाइन कोर्स, कोच, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, पहाटे उठणं, डायरी, अ‍ॅप. जो तो आपलंच खरं म्हणतो. माझ्याकडे रोज पाऊण तास आहे, तोही रात्री साडेनऊनंतर, पोरगं झोपल्यावर. बजेट ५०००, त्यावर एक रुपया नाही. पुण्याला जाऊन-येऊन करणं शक्य नाही. तुम्हाला काय मानवलं ते सांगा.

पार्कचौक_किंग:
ताई, मी लोणावळ्याचं तीन दिवसांचं निवासी शिबिर केलं. ३८,००० फी, जेवण-राहणं सगळं त्यात. शेवटच्या रात्री निखाऱ्यांवरून चालवतात. त्यानंतर माणसात जो कॉन्फिडन्स येतो तो शब्दांत सांगता येत नाही. माझं स्टेटस बघणाऱ्यांना विचारा. ५००० मध्ये काय येतं हो आजकाल? हप्त्यांची सोय आहे.

हिशेबी_अण्णा:
निखाऱ्यांवरून चालल्यावर जीएसटीच्या २बी चा मिसमॅच (खरेदीची बिलं पोर्टलवरच्या यादीशी न जुळणं) सुटतो का?

पार्कचौक_किंग:
अण्णा, तुमच्यासारख्या निगेटिव्ह लोकांपासून लांब राहायचं, हेच पहिल्या दिवशी शिकवतात.

पहाटेचा_पांथस्थ:
पैसे कशाला घालवता? पहाटे साडेचारला उठा. कंबर तलावाला दोन फेऱ्या, मग गार पाण्याने अंघोळ, मग अर्धा तास वाचन. २१ दिवस केलं की सवय लागते, पुढे आपोआप होतं. मी वर्षानुवर्षे करतोय, एक दिवस खंड नाही. उन्हाळ्यात सुद्धा.

टॉवेलवाली:
काका, आमच्या भागात नळ येतो त्या रात्री मी तशीही जागीच असते. पाण्याची वेळ सांगून येत नाही. साडेचारला उठायचं म्हणजे झोपायचं कधी? आणि वेळ रात्रीची आहे असं वर लिहिलंय.

पहाटेचा_पांथस्थ:
इच्छा असली की मार्ग निघतो.

लूमवरचा_पोऱ्या:
ओ काका, सकाळी चार वाजता उठून दिवसभर काय करलालाव? रिटायर हाव ना तुम्ही? अक्का बिचाऱ्या ड्युटी करून विचारलालेत.

पीएचडी_अर्धवट:
ते २१ दिवसांचं प्रकरण आता तरी थांबवा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ लोकांवर सवयींचा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसामाणसात फरक केवढा, तर १८ पासून २५४ पर्यंत. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून "एक दिवस खंड नाही" या गोष्टीचा बडेजाव नको.

पहाटेचा_पांथस्थ:
लंडनच्या लोकांना २५४ दिवस लागत असतील.

कडकभाकरी:
मी सांगतो, एनपीटीईएल करा. आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स, सरकारच्या स्वयम् पोर्टलवर, शिकायला एक पैसा नाही. ४, ८, १२ आठवड्यांचे कोर्स असतात. सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच परीक्षेचे साधारण हजार रुपये. परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, घरबसल्या नाही. दर आठवड्याच्या असाइनमेंटला २५ टक्के, परीक्षेला ७५. मी दोन केलेत, एकात एलिट श्रेणीचं सर्टिफिकेट आलं. मॅनेजमेंट अकाउंटिंगचे, सप्लाय चेनचे कोर्स तुमच्या उपयोगाचे. मला त्याचा पगारात फायदा झाला का? नाही. पण भिंतीला शोभा आहे.

हिशेबी_अण्णा:
+१. कडकभाकरी म्हणतात तेच. एनपीटीईएल फुकट आहे. (फी परीक्षेचीच.)

इगतपुरी_रिटर्न:
बाहेरचं शिकून माणूस बदलत नाही. विपश्यना करा. १० दिवसांचं शिबिर, फी नाही, शेवटी ऐच्छिक दान. पहाटे चारला उठवतात, मोबाइल जमा, बोलायचं नाही. मला जे मिळालं ते कुठल्याही कोर्समध्ये मिळालं नसतं.

टॉवेलवाली:
दहा दिवस न बोलता राहिले तर मालक जागा भरून मोकळे होतील. आणि ११ तारखेचं जीएसटीआर-१, २० चं ३बी, ही जीएसटीची रिटर्न्स कोण भरणार? पण मनात ठेवते, पोरगं मोठं झाल्यावर.

पुण्यात_अडकलेला:
मूळचा जुळे सोलापूरचा, आता हिंजवडीत. माझं बोलणं टोस्टमास्टर्समुळे सुटलं. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली संस्था आहे. भाषण शिकवायला कोणी सर नसतात, सभासदच एकमेकांचं ऐकतात आणि सुधारतात. एक जण वेळ मोजतो, एक जण तुमचे "अं", "म्हणजे", "अ‍ॅक्च्युअली" मोजतो. पहिल्यांदा माझे मोजले तेव्हा मान खाली घालून बसलो होतो. ऑनलाइन भरणारे क्लबही आहेत. वर्गणी सहामाही, डॉलरच्या हिशोबाने, तरी शिबिराच्या मानाने काहीच नाही. मीटिंगमध्ये बोलायचं असेल तर याला तोड नाही.

पार्कचौक_किंग:
आमच्याकडे हे सगळं तीन दिवसांत करून घेतात.

शेंगाचटणी_उखळातली:
पुणेकर भाऊ, येताना आमच्यासाठी काही आणू नका, जाताना इथून चटणी न्या. तिथे मिळते ती मिक्सरची.

लूमवरचा_पोऱ्या:
मिक्सरच्या चटणीला तेल सुटत नाही बे, भुगा होतो.

हिशेबी_अण्णा:
मिक्सर थांबवत थांबवत फिरवला तर सुटतं. आमच्या घरी सुटतं.

शेंगाचटणी_उखळातली:
अण्णा, तुमच्याशी वाद नाही घालायचा. एकदा घरी या.

शिक्षणवेडी:
चटणीवाल्यांनी वेगळा धागा काढा. ताई, आधी तुमची लर्निंग स्टाइल ओळखा. तुम्ही बघून शिकणाऱ्या, ऐकून शिकणाऱ्या की हाताने करून शिकणाऱ्या? ऑनलाइन टेस्ट असते. त्यावरून पद्धत ठरवायची. मी मुलांसाठी तशा टेस्टला पैसे भरलेत, खूप छान रिपोर्ट येतो, रंगीत.

पीएचडी_अर्धवट:
त्या स्टाइलप्रमाणे शिकवलं की जास्त समजतं, याला पुरेसा पुरावा नाही. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन चाळून हेच लिहिलं. आवड वेगळी, परिणाम वेगळा. परिणाम कशाचा होतो, तर पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारण्याचा आणि काही दिवसांचं अंतर ठेवून पुन्हा बघण्याचा. एका बैठकीत चार तास रेटण्यापेक्षा तीच मेहनत आठवडाभर विभागलेली बरी. कुठलाही कोर्स घ्या, एवढं त्यात घाला.

शिक्षणवेडी:
म्हणजे आमचे पैसे वाया गेले असं म्हणायचंय का?

पीएचडी_अर्धवट:
रिपोर्ट रंगीत आहे ना.

वेळेचा_पक्का:
मी २५ मिनिटांचं टायमर लावतो, मग ५ मिनिटं सुट्टी. इटलीतल्या एका विद्यार्थ्याने काढलेली पद्धत, स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून नाव पडलं पोमोडोरो. खर्च शून्य. पाऊण तासात एक डाव पूर्ण, दुसरा अर्धा. अ‍ॅप घेऊ नका, मी प्रीमियम घेतलं आणि ते सेट करण्यातच वेळ गेला.

जुना_टाइमकीपर:
गिरणीत आणि नंतर एमआयडीसीत टाइम ऑफिस सांभाळलं, आता निवृत्त. सगळं वाचलं. कोणीही बाईंना विचारलं नाही की नक्की अडतंय कुठे. सर्वांनी औषध दिलं, नाडी कोणी बघितली नाही. बाई, तीन गोष्टी लिहा. एक, गेल्या काही महिन्यांत कुठल्या कामात तुम्हाला दुसऱ्याचं तोंड बघावं लागलं? दोन, मॅनेजर काय करतो जे तुम्ही करत नाही? "बोलतो" असं लिहू नका, कुणाशी आणि कशावर ते लिहा. तीन, ११ आणि २० तारखेच्या आसपासच्या दिवसांत तुम्हाला किती वेळ उरतो? पाऊण तास हा चांगल्या दिवसाचा हिशोब झाला. वाईट आठवड्यात दहा मिनिटं उरत असतील तर दहा मिनिटांत बसणारी पद्धत घ्या. कोर्स अर्धवट राहतात ते आळसाने कमी, अशा आठवड्यांमुळे जास्त. आणि मालकांना सरळ विचारा, डेव्हलप म्हणजे काय. पगार देणाऱ्याने अर्थ सांगायला पाहिजे.

पार्कचौक_किंग:
मालकाला असं विचारायला कॉन्फिडन्स लागतो, तोच आमच्या शिबिरात मिळतो.

टॉवेलवाली:
टाइमकीपर काका, लिहून काढलं.
एक: कॉस्टिंग. बायरला रेट द्यायची वेळ आली की वेस्टेजचा आकडा मला वरून तयार मिळतो. तो कुठून आला, बरोबर का, मला सांगता येत नाही. दोन: जुने मॅनेजर सकाळी शेडमध्ये एक चक्कर मारायचे, जॉबर (लूमवरचे मुकादम) आणि मास्तरांशी तेलुगूत बोलायचे. मी फाइल घेऊन केबिनमध्ये. तीन: २० च्या आधी दहा मिनिटं सुद्धा धड नाहीत, पण कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं नक्की असतात. हे मला सुचलंच नव्हतं, मी रात्रीच धरून बसले होते.
मालकांनाही विचारलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही खाली येत नाही." बस, एवढंच. इंग्रजीचं नाव नाही काढलं.

पुण्यात_अडकलेला:
तरी एक्स्पोर्ट म्हटल्यावर इंग्रजी लागणारच. क्लब जॉइन करून ठेवा.

कडकभाकरी:
कॉस्टिंगचा कोर्स आहे एनपीटीईएलवर. पुन्हा सांगतो, फुकट.

शिक्षणवेडी:
आधी इंग्रजी स्पीकिंग, मग बाकी सगळं. माझ्या मैत्रिणीला त्यानेच प्रमोशन मिळालं.

टॉवेलवाली:
ठरलं माझं. तेलुगू शिकतेय. क्लास नाही, अ‍ॅप नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन विव्हिंगच्या मास्तरांजवळ बसायचं. रोज एक खातं त्यांनी समजावायचं: वार्पिंग (ताण्याचं सूत बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळणं), लूम, फोल्डिंग, सेकंडचा (खोट असलेला) माल. मी ते रात्री वही मिटून आठवेल तसं उतरवते (पीएचडी सरांचं एवढं घेतलं). नाही आठवलं ते दुसऱ्या दिवशी परत विचारते, मास्तर हसतात.
परवाच त्यांनी काट्यावर टॉवेल ठेवून दाखवला. ७० बाय १४० सेंटिमीटर, ५०० जीएसएम (चौरस मीटरला ५०० ग्रॅम), म्हणजे ४९० ग्रॅम भरायला पाहिजे. भरला ५०५. १५ ग्रॅम सूत फुकट गेलं. एक लाख नगांच्या ऑर्डरला हे दीड टन होतात. इतकी वर्षं खरेदीची बिलं मीच एंटर करतेय, पण बीमवरून सूत कसं जास्त जातं हे कधी बघितलं नव्हतं.
५००० तसेच आहेत. त्यातून मास्तरांच्या नातीला दप्तर घेणार आहे, ते पैसे घेत नाहीत.

पहाटेचा_पांथस्थ:
तेलुगू शिकून मॅनेजर होता येतं हे पहिल्यांदा ऐकलं.

पीएचडी_अर्धवट:
पद्धत चांगली आहे, पण मास्तर सांगतील तेच खरं मानू नका. आकडे स्वतः पडताळा.

हिशेबी_अण्णा:
४९० चा हिशोब बरोबर आहे. मी करून बघितला.

पद्मशाली_पोरगी:
अक्का, बागुन्नारा (बऱ्या आहात ना)? आमची तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात राहून मराठीत मिसळलीय. सिनेमा बघून शिकाल ती शेडमध्ये चालेल असं नाही, म्हणून मास्तरांचीच उचला. सुरुवातीला "एंत" म्हणजे किती आणि "एंदुकु" म्हणजे का, एवढ्यावर अर्धं काम होतं. दारम् म्हणजे दोरा, बट्ट म्हणजे कापड. वेस्टेजला मात्र शेडमध्ये वेस्टेजच म्हणतात, ते पाठ करायची गरज नाही.

टॉवेलवाली:
एंदुकु सगळ्यात उपयोगी पडणार दिसतंय.

नवीन_सभासद:
धागा पूर्ण वाचला नाही, पण ताई, इंग्लिश स्पीकिंग लावा. पुण्यात वीकेंड बॅच आहे, फी २२,००० पासून.