डेंग्यूनंतरचा थकवा जातच नाही, अ‍ॅक्युपंक्चर करून बघावं का?

डिचोलीची_ताई:
नमस्कार, प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. डेंग्यू होऊन गेला त्याला वर्ष होत आलं पण अंगात त्राण नाही, रात्रभर झोपून सकाळी दमलेलीच उठते आणि जरा बाजारात जाऊन आली की पुढचे दोन दिवस अंथरूण सोडवत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 सगळं नॉर्मल. आता कोणीतरी पणजीत चायनीज पद्धतीने सुया टोचतात, काढाही देतात म्हणून सांगितलंय. आई घाबरलीय. कोणी घेतलीय का ही ट्रीटमेंट?

फोंड्याची_सून:
मी घेतलीय गं. सुया अगदी बारीक असतात, घाबरण्यासारखं काही नाही. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला झू-सान-ली नावाचा पॉइंट आहे, थकव्याला तो बहुतेक घेतातच, सुई गेली की पाय तिथे जड पडतो. मग मोक्सा, म्हणजे दवण्याच्या जातीतल्या पाल्याची कांडी पेटवून कातडीपासून थोडी वर धरतात, छान ऊब लागते, वास मात्र घरी येईपर्यंत कपड्यांना. मला झोप लागायला लागली, अंगदुखी उतरली. थकवा मुळातून गेला असं नाही सांगणार. सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडतात का ते बघ.

पेडण्याचा_फार्मसीवाला:
सुयांचं ठीक आहे, पण काढ्यात काय काय आहे ते नावानिशी लिहून घ्या. थकव्यावरचा त्यांचा जुना काढा बू-झोंग-यी-ची-तांग, 13व्या शतकातल्या ली दोंगयुआनचा, त्यात जिनसेंग आणि ज्येष्ठमध असतं. ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं की बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर जिनसेंग नकोच. बेल्जियममध्ये 1990च्या दशकात वजन कमी करायच्या चिनी औषधात चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या. बिनलेबलची पुडी घेऊच नका.

म्हापशेकर:
ताई, थोडं केलं की नंतर आडवं पडणं ही एमई-सीएफएसची, म्हणजे महिनोन्महिने न जाणाऱ्या थकव्याच्या आजाराची, मोठी खूण आहे, डॉक्टरांना नेमकं हेच सांगा, नुसतं 'थकवा' म्हणू नका. सुयांवर चीनमध्ये चाचण्या पुष्कळ झाल्यात पण बऱ्याचशा लहान आणि कच्च्या, त्यामुळे झोप-दुखण्यापुरती आशा ठेवा. आणि ताई-ची, म्हणजे तो संथ चिनी व्यायाम, असो की चालणं, 'रोज थोडं वाढव' कोणी म्हटलं तर ऐकू नका, उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021मध्ये या आजारासाठीचा तो सल्ला काढूनच टाकला. दमायच्या आधी थांबायचं. पणजीला न्यायचंच तर बसने धक्के खात नको, नाहीतर ट्रीटमेंटचा फायदा वाटेतच संपेल.

डिचोलीची_ताई:
खूप आभार सगळ्यांचे. काढा नको म्हणून सांगते, सुया फक्त. फोंड्याच्या ताई, झोपेत फरक किती दिवसांनी जाणवला हो?