मिशनच्या इंग्रजी शाळेत पहिली-दुसरीला मराठीतून समजावून सांगावे काय?

प्रश्न : सहशिक्षिका, यवतमाळ जिल्हा

आमची शाळा कॅथलिक सिस्टरांच्या संस्थेची, इंग्रजी माध्यमाची आणि विनाअनुदानित आहे. ख्रिस्ती मुले अगदी मोजकी असून बाकीची बहुतेक कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरांतली आहेत. दुसरीतला एक मुलगा गायीवरचा इंग्रजी धडा न अडखळता वाचतो, परंतु धडा कशाविषयी आहे असे इंग्रजीत विचारले की खाली मान घालतो. तेच मी वऱ्हाडीत विचारले, तेव्हा घरची गाय कधी व्याली, गोऱ्हा झाला की कालवड आणि खरवस कोणाकोणाच्या घरी पाठवला, हे सगळे त्याने एका दमात सांगितले. पहिली-दुसरीत गणित आणि परिसर हे विषय मराठीतून समजावून द्यावेत आणि इंग्रजी संभाषणाला रोज वेगळा तास ठेवावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे. प्रिन्सिपल सिस्टर अनुकूल आहेत, पालकसभेत मात्र कडाडून विरोध झाला. दरम्यान संस्थेने नवोपक्रम म्हणून स्मार्ट बोर्ड घेण्याचे ठरवले आहे. आमच्याकडे दुपारी वीज किती वेळ असते, हे ठरवणाऱ्यांना ठाऊक असावे, अशी आशा करते. या प्रस्तावाला कायद्याची काही अडचण येईल का, आणि कोणी असे करून पाहिले आहे का?

उत्तर १ : पालक, वणी तालुका

मॅडम, मी आपल्या सभेत असतो तर विरोधच केला असता. मराठीतूनच शिकवायचे असेल, तर जिल्हा परिषदेची शाळा गावातच आहे. तिथे पुस्तके, गणवेश आणि दुपारची खिचडी मिळते आणि फी लागत नाही. मग ऑटोचे भाडे आणि वर्षाची फी आम्ही कशासाठी भरतो? मुलगी समजून बोलते की पाठ केलेले म्हणून दाखवते, हे तपासण्याइतके इंग्रजी आम्हा नवरा-बायकोला येत नाही, त्यामुळे ती फडफड बोलली की पैसे वसूल झाले असे आम्हाला वाटते, हेही खरे आहे. आता सुधारणेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. फीचा पहिला हप्ता जूनमध्ये मागितला जातो, जेव्हा बियाणे आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर उचललेले असते. सोयाबीन आणि कापूस विकून हातात पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे. मोठा हप्ता डिसेंबरवर नेला, तर निम्म्या घरांवरचा ताण उतरेल आणि फीसाठी मुलांना वर्गाबाहेर उभे करण्याची वेळ येणार नाही. त्याला कोणताही बोर्ड बसवावा लागत नाही.

उत्तर २ : निवृत्त मुख्याध्यापिका, अमरावती जिल्हा

वणीच्या भाऊंनी नेमके दुखणे सांगितले आहे. ताई, ‘मराठीतून शिकवणार’ असे जाहीर केले की पालकांना माध्यम बदलल्यासारखे वाटते, म्हणून ते तसे जाहीर करू नये आणि आधी करून दाखवावे. आमच्या शाळेत आम्ही पाठ्यपुस्तक इंग्रजीच ठेवले. नवा धडा प्रथम मराठीत गोष्ट म्हणून सांगायचा, मुलांना त्यावर मनसोक्त बोलू द्यायचे आणि मगच इंग्रजी पान उघडायचे. हातच्याची बेरीज आधी काड्यांच्या जुड्या बांधून मराठीत होई आणि तेच गणित दुसऱ्या दिवशी इंग्रजीत फळ्यावर येई. पालकसभेत भाषण न करता मुलांनाच उभे केले. आईने विचारावे आणि मुलाने आधी घरच्या बोलीत, मग इंग्रजीत सांगावे. त्यानंतर विरोध बराच निवळला. बालभारतीने पहिलीसाठी एकात्मिक द्विभाषिक पुस्तके काढली आहेत, तीही चाळून पाहावीत. खरी भीती मला वेगळीच वाटते. आपल्या सिस्टरांची बदली झाली की नव्या येणाऱ्या सिस्टर सगळे पहिल्यापासून सुरू करतात. म्हणून ही पद्धत कायम राहणाऱ्या शिक्षिकांच्या हाती आणि शाळेच्या वार्षिक नियोजनात लेखी असावी.

उत्तर ३ : शिक्षणविषयक कायद्यांचा अभ्यासक, नागपूर

कायद्याची अडचण दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ या एकाच दिवशी दोन निकाल दिले. प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, २००९ चा शिक्षणहक्क कायदा लागू होत नाही असे ठरले, आणि कर्नाटकाच्या प्रकरणात मातृभाषेचे माध्यम राज्याला शाळांवर लादता येणार नाही असे ठरले. तेव्हा संस्थेवर सक्ती नाही आणि मनाईही नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर किमान पाचवीपर्यंत, जिथे शक्य असेल तिथे, घरच्या भाषेतून शिकवावे असेच म्हणते. मराठी हा विषय २०२० च्या राज्य कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांना सक्तीचा आहेच.

एक गोष्ट मात्र मिशन संस्थांनी मनावर घ्यायला हवी. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तेतर आहेत. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद ३० ची सवलत घेऊन शिक्षणहक्क कायद्यातील गरीब व वंचित मुलांच्या २५ टक्के राखीव प्रवेशांतून बाहेर राहायचे आणि फी भरू शकणारी मुलेच घ्यायची, यावर टीका होते आणि ती सगळीच गैर नाही. प्रमतीचा निकाल फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे जावा, असे न्यायालयाच्याच एका खंडपीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये सुचवले आहे. त्याआधीच संस्थेने गरीब मुलांसाठी स्वतःहून काही जागा ठेवल्या, तर ते अधिक शोभेल.

उत्तर ४ : शिक्षक, केळापूर तालुका

चर्चेत सगळ्यांनी मराठी ही घरची भाषा धरली आहे. माझ्या वर्गात बंजारा तांड्यावरची मुले गोरमाटी बोलतात, पोडावरची म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची कोलामी, आणि काही घरांत गोंडी आहे. त्यांना मराठीही शाळेतच भेटते. कोलाम पोडावरची एक मुलगी कित्येक महिने माझ्याशी बोलली नाही. शाळेतल्या मदतनीस मावशी तिच्याच पोडावरच्या निघाल्या आणि त्या वर्गात येऊन बसू लागल्यावर ती प्रथम मोठ्याने हसली. मावशींना ‘भाषा सहायक’ म्हणून थोडे मानधन द्यावे, अशी मागणी मी संस्थेकडे केली आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहे. कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण कार्यालयाने २०२४ च्या सूचनांत इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या धार्मिक परंपरा लादू नयेत आणि परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी, असे सांगितले. आमच्याकडे ती रोज म्हटली जाते, इंग्रजीतून. ताईंनी निदान ती मराठीत सुरू करावी. त्याला पालकांचा विरोध होईल असे वाटत नाही.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे आभार. फीच्या हप्त्यांचा विषय मी येत्या बैठकीत लेखी मांडते. तो प्रस्ताव माझ्या प्रस्तावाच्या आधी ठेवला, तर पालकांचे कान उघडे राहतील. केळापूरच्या सरांना एक विचारायचे आहे : मावशी वर्गात बसत असताना त्यांचे स्वयंपाक-सफाईचे काम कोण करते? आमच्याकडे त्या एकट्याच आहेत.