धावती गाडी 'स्थिर' कशी?

कानामात्रा
एका कौटुंबिक मोटारीच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. त्यात एक प्रकरण आहे, द्रुतगती मार्गावर गाडीची स्थिरता कशी सुधारावी. मी शीर्षक दिलं 'अतिवेगातील स्थिरता'. मुद्रितशोधकांनी समासात लिहून पाठवलं, "गाडी स्थिर असेल तर वेग कुठला? वेग असेल तर ती स्थिर कशी?" आधी हसले. मग पुढच्याच पानावर माझंच वाक्य दिसलं: 'गाडी स्थिर असताना, टायर थंड असताना हवा तपासावी.' एकच शब्द, एका पानावर उभी गाडी, दुसऱ्यावर धावती. सुचवा काहीतरी. 'स्थैर्य' नको, ते सरकारांना लागतं.

अनुस्वार
स्थैर्य मनालाही लागतं. दोन्ही शब्द 'स्थिर'चीच भाववाचक रूपं, त्यामुळे एक टाकून दुसरं घेण्याने अडचण सुटणार नाही. पण अडचण आहे का? वाटीच्या तळाशी गोटी ठेवून टिचकी मारा. हेलकावे खाते आणि तळाशी परत येते. हा स्थिर समतोल. पालथ्या वाटीवर ठेवा, टिचकीसरशी गेली. म्हणजे शास्त्रात स्थिर म्हणजे न हलणारा नव्हे, हलवल्यावर मूळ जागी येणारा. तुमचे मुद्रितशोधक व्यवहारातला अर्थ शास्त्राच्या डोक्यावर मारतायत.
जाता जाता: शालेय परिभाषेत नुसत्या काट्यावरच्या आकड्याला 'चाल' म्हणतात, 'वेग' म्हटलं की दिशा आली. तेव्हा 'अतिवेग' हाही विचार करण्यासारखा.

तिसरा गिअर
"साहेब, आपली चाल फार झाली," असं म्हणून पाहा कुणाला.

जुना पाना
तीस वर्षं गाड्यांखाली झोपलोय. 'स्थिरता कमी झाली' असं म्हणत एकही गिऱ्हाईक आलं नाही. येतात ते क्रियापद घेऊन येतात, आणि क्रियापदावरून अर्धं निदान होतं.
'गाडी ओढते' म्हणजे सरळ रस्त्यावर हात सैल केला की एकाच बाजूला जाते. एका टायरात हवा कमी, अलाइनमेंट बिघडलेलं, नाहीतर ब्रेक चिकटलेला. 'गाडी वाहते' हे वेगळं. ही एका बाजूला जात नाही, इकडे थोडी, तिकडे थोडी, आणि माणूस सतत स्टिअरिंग दुरुस्त करत बसतो. झिजलेले बुश (सांध्यातली रबरं), सैल टाय रॉड (चाकं वळवणारा दांडा), मागच्या चाकांचा टो-इन गेलेला. मागची चाकं नाकं किंचित आत करून चालली तर गाडीची शेपूट गुमान मागे येते, बाहेर बघायला लागली तर शेपूट भटकते. 'थरथरते' म्हणजे बहुतेक वेळा बॅलन्सिंग, चाकाचं वजन सगळीकडे सारखं नाही. ही थरथर ९० ते ११० च्या आसपास सुरू होते आणि पुष्कळदा त्यापुढे कमी होते, म्हणून लोक अजून जोरात हाणतात. 'डुलते' म्हणजे शॉकअप संपले.
'हलकी लागते' ही तक्रार मात्र जपून ऐकावी. वारा छतावरून जाताना गाडीला वर उचलतो आणि हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट, उचल सव्वादोनपट. त्यात डिकीत मागच्या आसाच्या मागे सामान कोंबलं की पुढची चाकं आणखी हलकी. छतावर लादलं तर गुरुत्वमध्य वर. सामान खाली, शक्य तितकं मधे, आणि दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत पूर्ण भारासाठी दिलेली हवा. बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांचा आकडा वेगळा असतो, कुणी वाचत नाही. दोनच टायर नवे घेणार असाल तर ते मागे टाका, इंजिन पुढची चाकं फिरवत असलं तरी. ओल्यात पुढची घसरली तर कळतं, मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी उलटी तोंड करून उभी असते.
ताईंनी आता ठरवावं, पुस्तिकेला यातलं काय म्हणायचंय.

कानामात्रा
पाना काका, पुस्तिकेत या सगळ्याला मिळून एकच नाम आहे. तीच तर बोंब.

तिसरा गिअर
एक क्रियापद राहिलं. 'गाडी चाकोरी धरते.' जड ट्रकांनी डांबरात दोन लांब खळगे पाडलेले असतात. रुंद टायर घातले की गाडी त्यात शिरते आणि बाहेर काढताना झटका देते. आमचे आजोबा बैलगाडीबद्दल हेच म्हणायचे. 'चाकोरीबद्ध आयुष्य' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना हे चाकानं पडलेलं खरंखुरं घळ आहे हे माहीत नसतं. चाक + ओळ = चाकोरी, माझा अंदाज.

अनुस्वार
अंदाजच. 'ळ'चा 'र' कसा झाला ते सांगा, मग मानू.

तिसरा गिअर
ट्रक गेला वरून, झाला.

विसर्ग
नामाच्या मागे कशाला लागलाय सगळे? मराठीत जोडी तयार आहे: आवरणे आणि सावरणे. 'गाडी आवरत नाही' म्हणजे चालवणाऱ्याचं ती ऐकत नाही. 'गाडी सावरते' म्हणजे वाऱ्याचा झोत बसला, खड्ड्यात आदळली, आणि चालवणाऱ्यानं काही करायच्या आत आपली आपण मार्गी लागली. अनुस्वारांची गोटी वाटीत सावरतेच की. आडव्या वाऱ्यात ट्रकला मागे टाकताना ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताच झोत बसतो. तिथे आवरण्याच्या नादात माणसं स्टिअरिंगला हिसका देतात. सावरणारी गाडी असेल तर हलक्या हाताने धरून ठेवलं तरी पुरतं.
शीर्षक: 'भरधाव गाडी सावरावी कशी'.

जुना पाना
हे आवडलं. कॅस्टर नेमकं हेच करतो. स्टिअरिंगचा खुंट वरच्या टोकाला मागे कललेला, म्हणून चाक खुर्चीच्या चाकासारखं मागे ओढलं जातं आणि वळणानंतर आपसूक सरळ होतं. सावरतं.

अनुस्वार
शीर्षकात घोटाळा आहे. 'गाडी सावरावी कशी' म्हणजे चालकाने गाडीला सावरायचं. तुम्ही म्हणता गाडी स्वतः सावरते. 'सावरणे' सकर्मक आणि अकर्मक दोन्ही आहे, पदर सावरतो तसा माणूसही दुःखातून सावरतो. नाम काय करणार? 'सावरपणा'?

विसर्ग
का नको? 'घाबरटपणा' चालतो.

अनुस्वार
चालतो म्हणून काहीही चालवायचं नसतं. उद्या 'आवरपणा' म्हणाल.

विसर्ग
परवा तुम्हीच 'दूरध्वनी'चं समर्थन करत होतात, जो कुणीच वापरत नाही. वापरात आहे ते गावठी आणि कोशात आहे ते शुद्ध, असा हिशेब दिसतो. मुळात सावरणे हे संस्कृत 'संवृ'पासूनच आलंय, तुमच्या सोवळ्याला धक्का लागणार नाही.

अनुस्वार
सोवळ्याचा प्रश्नच नाही. अचूकतेचा आहे. १९९७ साली मर्सिडीझची ए-क्लास स्वीडनमध्ये एका मासिकाच्या चाचणीत उलटली. रस्त्यात अचानक मूस (तिकडचं सांबरासारखं मोठं जनावर) आला तर दचकून गाडी वळवतात, ती चाचणी. मग कंपनीने गाड्या देणं थांबवलं आणि पुढे इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा सरसकट बसवली. एकेका चाकाचा ब्रेक लावून ती गाडीला मार्गावर ठेवते. आता सांगा, यात गाडी सावरते, की यंत्र गाडीला आवरतं? तुमची सुंदर जोडी तिथे मोडते.

जुना पाना
टायरला पकड नसेल तर ते यंत्र ना आवरतं ना सावरतं. ब्रेक लावणार कशाच्या जोरावर?

तिसरा गिअर
'मांड' कसा वाटतो? घोड्यावर मांड ठोकून बसतात, तशी गाडीनं रस्त्यावर मांड ठोकली. 'वेगातली मांड'.

विसर्ग
मांड स्वाराची असते, घोड्याची नव्हे. इथे घोडा कोण, रस्ता?

कानामात्रा
सगळ्यांचे आभार. उद्या दुपारी पान जायचंय. सध्या लिहिलंय 'वेगात असताना गाडीचे स्थैर्य'. सरकारांचं तर सरकारांचं. उभ्या गाडीसाठी 'उभी' लिहिलं, ते आधीच का सुचलं नाही देव जाणे. पण आत एका परिच्छेदात पाना काकांची पाचही क्रियापदं घातलीयत, मूळात नसताना. आता एकच शंका: 'शॉकअप' छापू की 'धक्काशोषक'?

अनुस्वार
धक्काशोषक. अर्थात.

जुना पाना
छापा की. मग माणूस दुकानात जाऊन धक्काशोषक मागेल, आणि पहिला धक्का त्यालाच बसेल.

विसर्ग
शिवाय तो धक्का शोषतच नाही. धक्का स्प्रिंग घेते. शॉकअप स्प्रिंगचं डुलणं थांबवतो. तेव्हा 'डोलरोधक'.

अनुस्वार
आणि हे म्हणे सोवळ्याच्या विरोधात.