आईचं बोट मशीनवर उमटतच नाही, हयातीचा दाखला कसा द्यायचा?

नौपाडाकर:
आई ७६ ची आहे, सरकारी दवाखान्यात ३४ वर्षं नर्स होती, राज्य सरकारची पेन्शन. दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन यादीत नावासमोर सही केली की झालं, पाच मिनिटांचं काम. यंदा काउंटरवरच्या मुलाने मान वर न करताच सांगितलं, आता ऑनलाइन करा. मग स्टेशनजवळच्या एका केंद्रात गेलो, दहाही बोटं लावून झाली, ओल्या रुमालाने पुसून झाली, खोबरेल चोळून झालं, तरी मॅच होईना. केंद्रवाला म्हणाला, काकू, रेषाच राहिल्या नाहीत. राहणार कशा, सगळी नोकरी साबण आणि स्पिरिटमध्ये हात घालून गेली. चेहऱ्यावरून करायला घेतलं तर आठवड्यापूर्वीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, अॅप पापणी मिटा म्हणतं ते वेळेत जमेना. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "मी समोर उभी होते ना रे." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. दाखल्याचं काय करू सांगा, आणि हे सगळं आणताना अशा हातांचा विचार कोणीच करत नाही का?

चरईचे काका:
मी बँकेतूनच रिटायर झालो. आधी घाबरू नका. ऑनलाइन दाखला म्हणजे जीवन प्रमाण, ते २०१४ ला आलं, पण ती सोय आहे, सक्ती नाही. कागदी दाखला अजून चालतो. रिझर्व्ह बँकेचं ९ नोव्हेंबर २०१७ चं परिपत्रक प्रिंट काढून खिशात ठेवा, त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कुठल्याही शाखेत दाखला दिला तरी त्याच शाखेने तो सिस्टीममध्ये चढवायचा, आणि ७० च्या वरच्या माणसाकडे घरी येऊन दाखला घ्यायची सोय बँकेने करायची. काउंटरवर वाद घालू नका, थेट मॅनेजरकडे जा आणि सही शिक्क्याची पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका, पेन्शन अडकली की हाच कागद कामाला येतो.

ऐरोली_कोडर:
दादा, मी असलीच अॅप्स बनवतो म्हणून वाचून जास्त लागलं. टेस्टिंग करतो कोण, तर आम्हीच, पंचविशी तिशीतली पोरं, एसीत बसून आपलीच बोटं लावतो आणि पास म्हणतो. मॅच झालं नाही तर पुढे काय, ती स्क्रीन कायम दुसऱ्या फेजमध्ये ढकलली जाते आणि दुसरी फेज काही येत नाही. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने याच विषयावर निकाल दिलाय, अॅसिड हल्ल्यातल्या महिलांना पापणी मिटता येत नाही म्हणून केवायसी होत नव्हतं, कोर्ट म्हणालं डिजिटल सेवा मिळणं हे राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतं. मी टीममध्ये तो वाचून दाखवला. माझं म्हणणं एकच, तीनदा मॅच झालं नाही की चौथ्यांदा बोट मागायचंच नाही, समोरच्या कर्मचाऱ्याला 'मी या व्यक्तीला पाहिलं' अशी नोंद स्वतःच्या नावाने करता आली पाहिजे.

खारघरची_सून:
पटतंय, पण सरसकट मशीनला शिव्या नकोत. माझे सासरे अर्धांगवायूने पलंगावर आहेत, आधी त्यांना खुर्चीसकट उचलून बँकेत न्यायचो, दोन माणसं लागायची. गेल्या वर्षी पोस्टमन घरी आला, मोबाईल समोर धरला, दाखला झाला, बाबांच्या डोळ्यात पाणी आलं. फरक एवढाच की त्याने आधी उशी नीट केली, नाव विचारलं, मग फोन काढला. तुम्हीही पोस्टात विचारून बघा.

चरईचे काका:
सूनबाई बरोबर बोलल्या. पण पोस्टमनकडेही बोट किंवा चेहराच लागणार, म्हणून यांनी कागदाचाच हट्ट धरावा. आणि डोळ्याचं ताजं ऑपरेशन आहे, बाईंना परत फिरवू नका, घरी बोलवा.

नौपाडाकर:
झालं काम! काका, प्रिंट दाखवल्यावर मॅनेजर बाई पाच मिनिटं वाचत बसल्या, मग आज दुपारी त्यांचा माणूस घरी आला. आईने डोळ्यावरचा काळा चष्मा काढून सही केली, त्याने तिथेच शिक्का मारून पोचपावती दिली, आईने त्याला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. सकाळी बँकेत एक आजोबा भेटले, गवंडीकाम करायचे, त्यांचीही बोटं तशीच आणि पेन्शन बंद झालीये. उद्या अकराला प्रिंट घेऊन त्यांच्यासोबत जातोय, काका, तुम्हाला जमलं तर याल का?