ईएसआयची (कामगारांच्या सरकारी विम्याची) कपात कामाला येते का नुसती पगाराला कात्री?

शिरोलीकर: फाउंड्रीत आहे, पगार २०,०००, त्यातले महिन्याला १५० ईएसआयला जातात. आमच्या लाईनवरच्या पोराला टीबी झाला, घरात बसून आहे, अजून रुपया बघितला नाही त्यानं. माझं तर मत हाय की ही कपातच बंद करा आणि पैसे हातात द्या, आमचं आम्ही बघतो.

उद्यमनगर_भावा: मर्दा, १५० रुपयात घरी बसून पगार देणारी पॉलिसी दाखव की एक! तुझे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५, म्हणजे तो ६५० भरतोय. कपात बंद झाली तर ते ६५० तुला देणार हाय व्हय मालक? साध्या आजारपणात ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवस. टीबी, कॅन्सर धरून ३४ आजारांची यादी हाय, त्यात ८० टक्के, २ वर्षांपर्यंत.

शिरोलीकर: कागदावर सगळं गोडच असतंय. ८० टक्क्याला सलग २ वर्षं नोकरी लागते म्हणे. हितं ठेकेदार बदलला की नवीन नंबर काढतात, मग जुनी वर्षं कुठं गेली?

हिशेबवाली_ताई: दादा, विमा नंबर आयुष्यभर एकच असतो, ठेकेदार बदलला तरी जुनाच द्यायचा. दोन झाले असतील तर अर्ज करून एकत्र करून घ्या. आणि त्या पोराच्या नावावर किती दिवसांचे पैसे भरलेत ते ऑनलाईन बघा आधी. सहा महिन्यात ७८ दिवस भरले नसतील तर ७० टक्केपण मिळत नाहीत. स्लिपवर कपात २६ दिवसांची आणि तिकडं भरलेत १०, असले ठेकेदार बघितलेत मी. अशा वेळी मूळ कंपनीला धरायचं, कायद्यानं पहिली जबाबदारी तिचीच.

शिरोलीकर: कंपनीला धरायचं म्हणे! दुसऱ्या दिवशी गेटवर पास बंद.

गोकुळ_शिरगाव: तुम्ही तरी भांडताय. माझा पगार २३,०००, मर्यादा २०१७ पासून २१,००० वरच अडकलीय, म्हणून मी बाहेर. पाय मोडून बसलो तर शिल्लक रजा संपली की शून्य. माझीपण कपात करा आणि मला आत घ्या.

उद्यमनगर_भावा: ऐकलंस काय शिरोली?

शिरोलीकर: ऐकलं. उद्या पोराच्या घरी जाऊन ते दिवस बघतो. कपातीबद्दलचं मत मात्र तेच हाय, दवाखान्यातली रांग तू लावून बघ एकदा.