'अंडरडॉग' म्हटलं आणि संघ रुसला. मराठीत काय म्हणू?

माइकवाला, कोथरूड
सोसायट्यांच्या टेनिस बॉल स्पर्धांचं मराठी समालोचन करतो. उपांत्य सामन्याआधी बी विंगला 'आजचे अंडरडॉग' म्हणालो. ते जिंकले, पण त्यांचे कप्तान काका थेट टेबलापाशी आले: "आम्ही कुत्री का हो?" शब्द कौतुकाचा आहे म्हटलं, पटलं नाही. रविवारी अंतिम सामना आहे. 'दुबळा संघ' म्हणायची सोय नाही, 'लिंबूटिंबू' म्हटलं तर माइकच काढून घेतील. 'डार्क हॉर्स' चालेल का?

कट्ट्यावरचा
नाही. डार्क हॉर्सची ताकद कुणाला ठाऊकच नसते. बी विंगला तर सगळी सोसायटी ओळखून आहे.

लाल माती, शुक्रवार पेठ
काका अगदीच चुकीचे नाहीत. शब्द कुत्र्यांच्या झुंजीतलाच, एकोणिसाव्या शतकातला. वर चढलेला टॉप डॉग, खाली दबलेला अंडरडॉग. आम्हा तालमीतल्या माणसांना हे लगेच कळतं. खाली गेलेला पैलवान हरलेला नसतो. पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती चालू. वरचा घिस्सा डाव टाकून त्याला चीत करायला बघतो, खालचा निसटायला. वस्ताद ओरडतात ते बहुतेक खालच्यासाठीच.

खेळात मात्र अर्थ थोडा सरकलाय. झुंजीआधीच लोकांनी ज्याला हरलेला धरलंय, तो अंडरडॉग. १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर आपले १८३ धावांत आटोपले. समोर १९७५ आणि १९७९ चे विजेते वेस्ट इंडीज. ते १४० वर गुंडाळले गेले हे नंतरचं. आपण अंडरडॉग होतो ते नाणेफेकीच्या आधीपासून.

दुसरा अर्थ आहे दबून ठेवलेल्या माणसाचा, आणि त्याला उदाहरण आपल्या पुण्याचंच. पालवणकर बाळू. पूना क्लबवर मैदानाची कामं करायचे आणि ग्रेग नावाच्या गोऱ्या साहेबाला सरावासाठी गोलंदाजी टाकायचे. डावखुरी फिरकी अशी की हिंदूंच्या संघाला त्यांना घ्यावंच लागलं. मैदानात चेंडू हातात, चहाच्या वेळी मात्र बाहेर उभं राहून वेगळ्या भांड्यात चहा, कारण जात चांभार. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. आता हा माणूस कमकुवत होता का? मुळीच नाही. अशांना 'उपेक्षित' म्हणा, 'डावललेला' म्हणा. बी विंगला यातलं काहीच म्हणू नका, पार्किंगच्या सगळ्या चांगल्या जागा त्यांच्याकडेच असणार.

माइकवर सरळ वाक्य टाका: "बी विंगवर आज कुणी पैज लावणार नाही." एकाच शब्दात बसवायचा हट्ट कशाला?

माइकवाला, कोथरूड
पार्किंगचं कसं ओळखलंत! पण पैज नको, समितीत एक निवृत्त फौजदार आहेत. "बी विंग जिंकेल असं कुणालाच वाटत नाहीये" म्हणतो.

कट्ट्यावरचा
उपांत्य जिंकून आलेत, आता कसले अंडरडॉग?

लाल माती, शुक्रवार पेठ
एका विजयाने ते पुसलं जात नाही. विश्वचषक घेतला त्याच वर्षी वेस्ट इंडीजवाले इथे आले आणि एकदिवसीय मालिका ५-० अशी घेऊन गेले. समोर कोण आहे ते आधी सांगा.

माइकवाला, कोथरूड
डी विंग. दोन पोरं क्लबकडून खेळतात.

लाल माती, शुक्रवार पेठ
मग बिनधास्त म्हणा.