कॅम्परच्या सिंकमधून टाकीचा वास येतोय, व्हेंट (टाकीच्या हवेचा पाइप) बाहेर कसा काढावा?

मंडळी, बडोद्याहून लिहितोय. जुनी मिनीबस घेऊन तिचं कॅम्पर करून घेतलंय. सिंक आणि शॉवरचं सांडपाणी खाली चासीला लटकवलेल्या टाकीत जातं. संडास वेगळा, कॅसेटवाला, त्याचा त्रास नाही.

सिंक भरून बूच काढलं की शॉवरच्या जाळीतून बुडबुडे येतात. सिंक रिकामं होताना शेवटी मोठ्ठा गुडगुड आवाज, आणि थोड्या वेळात वास. बॉटल ट्रॅपची (सिंकखालची वाटी, तिच्यात साठलेलं पाणी वास अडवतं) वाटी खोलून पाहिली तर तळाशी नावाला पाणी. केवडियाला जाताना खिडक्या बंद, छताचा पंखा चालू, तर मागून बायको म्हणते, "गटाराकडेने चाललोय का?"

खाली वाकून पाहिलं. टाकीला पाणी आत यायचा पाइप आणि रिकामी करायचा व्हॉल्व्ह, बस. हवेला वाटच नाही! करून देणारा म्हणतो, "ए तो एवुं ज होय." (ते असंच असतं.)

सिंकखाली एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह लावला तर भागेल का? छताला भोक पाडायचं जिवावर आलंय, पावसाळा तोंडावर आहे. पण तो व्हॉल्व्ह हवा फक्त आत घेतो ना? मग टाकी भरताना आतली हवा जाणार कुठे?

प्रतिसाद: शंका रास्त आहे. त्या व्हॉल्व्हने ट्रॅपमधलं पाणी ओढलं जायचं थांबेल, टाकीतली हवा बाहेर पडणार नाही. ती शॉवरमधूनच वर येत राहील. टाकीच्या माथ्यावरून 40 मिमीचा पाइप थेट छताबाहेर काढा, वर काउल (पाऊस अडवणारी टोपी). पंख्यापासून आणि खिडकीपासून जमेल तेवढा लांब. फ्लँजखाली (छतावर टेकणाऱ्या कडेखाली) ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, नीट दाबून बसवली की गळत नाही. सिंक टाकीपासून लांब असेल तर तिथे व्हॉल्व्हही लावा, ट्रॅपच्या पुढे आणि जमेल तितका उंच. आणि पंखा लावताना एखादी खिडकी किलकिली ठेवा, नाहीतर तो कोरड्या ट्रॅपमधूनच हवा खेचतो.

धागाकर्ता: आभारी आहे. पाइप कपड्यांच्या कपाटातून न्यावा लागेल, मध्ये थोडा आडवा जाईल. 45 अंशाचे दोन एल्बो चालतील ना?

प्रतिसाद: चालतील. आडव्या भागाला उतार टाकीकडेच द्या. मध्ये झोळ राहिला तर तिथे पाणी साचून व्हेंट बंद होतो.